उजव्या हाताचा टोल

मुलांनो, जिथं बसला असाल तिथंच एक गाडी मनात उभी करा. आपल्याकडची नको, कोस्टा रिका नावाच्या देशातली. नकाशात दोन अमेरिका जिथं एका बारीक कमरेनं जोडलेल्या दिसतात, त्या कमरेत हा देश आहे. तिथल्या गाडीत चालवणारा आपल्यासारखा उजवीकडे बसत नाही, डावीकडे बसतो. तुम्ही त्याच्या बरोबर मागं बसा. म्हणजे खिडकी तुमच्या डाव्या अंगाला आली. काच खाली करा. बाहेर टोलनाक्याची खोली आहे, तिच्यातून एक हात बाहेर आलाय, आणि टोलची नाणी तुमच्याजवळ आहेत. द्या बघू.

कुठला हात पुढं केलात?

डावाच. तिथं बसलं की सगळे तेच करतात. आता नाणी उजव्या मुठीत घ्या. डावा हात मांडीखाली ठेवा. पट्टा लावलेला राहू दे, तोंड पुढंच असू दे, आणि पुन्हा द्या. पिळवटतं की नाही अंग? पट्टा गळ्यात रुततो की नाही? आता तुम्ही आठ वर्षांचे आहात, तुमचा हात आखूड आहे आणि मागं ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, असं समजा.

केतकी तशी बसली होती.

केतकी म्हणजे माझ्या भाचीची, वृंदाची मुलगी. गाडी वृंदाचे यजमान शिरीषराव चालवत होते. वृंदा त्यांच्या उजव्या बाजूला, मांडीवर माझ्या हातच्या लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी धरून. मी वृंदाच्या मागं, केतकीच्या शेजारी. शिरीषराव साखर कारखान्यांचे बॉयलर बसवणारे इंजिनियर. त्या देशात ऊस पिकतो, म्हणून मिरजेचा माणूस तिकडं जाऊन राहिलेला. मी शाळेतून निवृत्त झाले होते आणि वृंदानं फार गळ घातली म्हणून तिच्याकडं राहायला गेले होते. त्या रविवारी आम्ही डोंगरावरच्या राजधानीतून खाली समुद्राकडं निघालो होतो, गोगटे म्हणून ओळखीचं कुटुंब होतं, त्यांच्याकडं जेवायला. वाटेत तीन टोलनाके.

"केतकी, करार काय आहे?" शिरीषरावांनी आरशातून विचारलं.

"तिन्ही टोल मी भरायचे."

"कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"आणि डावा पुढं आला तर?"

केतकी खिडकीबाहेर बघू लागली.

"पाठ करून घेतलंय ना मी? म्हण."

"तर शुक्रवारी मावशीआजीबरोबर मिरजेला जायचं. तात्यांकडं राहायचं. शाळा तिकडंच."

"आणि नाही आला तर?"

"इथंच. आईजवळ."

"बघा मावशी, किती सोपं ठेवलंय," ते मला म्हणाले. "मी काही राक्षस नाही."

तात्या म्हणजे शिरीषरावांचे वडील. मिरजेत आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं राहायचे. त्यांच्या अंगणात चेंडू गेला तर मुलं मागायला जात नसत. पैसे जमवून नवा आणत.

केतकीच्या डाव्या मनगटावर निळी रिबन होती. घरी लिहिताना, जेवताना ती रिबन खुर्चीच्या दांड्याला बांधलेली असायची. बाहेर जाताना नुसती मनगटाला, आठवण म्हणून. बांधायचे शिरीषराव स्वतः. फार निगुतीनं बांधत. वर फूल काढत, दोन्ही टोकं ओढून सारखी करत, मग पोरीच्या गालाला बोट लावून म्हणत, "दुखलं तरी सांगायचं नाही. शूर आहेस ना तू?" त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. शेजारच्या बायका वृंदाला म्हणत, काय हौशी नवरा मिळालाय तुला, मुलीला रोज फूल करून देतो.

गाडी डोंगर उतरत होती. दोन्हीकडं हिरवंगार, मधेच एखाद्या घराचा लाल पत्रा. मी जरा धीर करून म्हटलं, "शिरीषराव, हात तो हातच. त्यात एवढं काय?"

"मावशी, तुम्ही इतकी वर्षं मास्तरकी केलीत. किती डावखुरी सरळ केलीत?"

"एकही नाही. मी त्यांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवायची."

"ते कशाला?"

"लिहिताना शेजारच्याला कोपर लागत नाही."

ते खळखळून हसले. "ऐकलंस का वृंदा? कोपर लागत नाही! म्हणूनच मिरजेची पोरं देवळात प्रसादाला डावा हात पुढं करतात. मावशी, लक्ष्मी डाव्या हातानं दिली तर ती पुन्हा दारात येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?"

हे मात्र ते पाळत. एरवी ते स्वतः टोल भरत तेव्हाही, खिडकी डाव्या अंगाला असून, सगळं शरीर वळवून उजवा हात बाहेर काढत. नाक्यावरची माणसं बघतच राहत. मला वाटायचं, किती नेमाचा माणूस.

"तात्या महिनाभरात सरळ करतात," ते म्हणाले. "महिनाभर. जास्त नाही."

"कसं करतात?"

"त्यांची पद्धत आहे."

वृंदानं बरणीवरचं फडकं घट्ट केलं आणि बाहेर बघत राहिली.

केतकी माझ्या कानाशी लागली. "मावशीआजी, माझा डावा हात ना, कुत्र्यासारखा आहे. हाक मारली नाही तरी पळत येतो."

"आणि उजवा?"

"तो मांजर आहे. नुसता बघत बसतो."

मला हसू आलं. ती पण हसली, आणि लगेच आरशाकडं बघून गप्प झाली. मग पुढच्या सीटच्या फटीतून बोट दाखवत म्हणाली, "बाबांची करंगळी बघितलीस? रुसलीय."

स्टेअरिंगवर शिरीषरावांच्या डाव्या हाताची करंगळी वेगळी उभी होती, मधल्या पेरातून बाहेर वाकलेली.

"शाळेत कॅच घेताना मोडली," केतकी म्हणाली. "ना हो बाबा?"

"भारी कॅच होता," शिरीषराव म्हणाले. "नाका आला. सावध."

पहिला नाका. काही रांगा अशा असतात की काचेवर पट्टी चिकटवलेल्या गाड्या न थांबता निघून जातात. आमची रांग हातानं पैसे देणाऱ्यांची. शिरीषरावांनी गाडी मुद्दाम थोडी पुढं नेली, म्हणजे मागची खिडकी खोलीसमोर यावी. आतली मुलगी च्युइंगम चघळत होती. तिनं आधी त्यांच्याकडं हात केला, त्यांनी हनुवटीनं मागं खूण केली. केतकी डाव्या हातावर बसली होती, अक्षरशः मांडीखाली दाबून. तिनं उजवा हात छातीवरून आडवा काढला. पट्टा मानेत रुतला. नाणी खिडकीच्या काठापर्यंत आली, पुढं जाईनात. तिथली मोठी नाणी सोनेरी असतात, तळहाताला जड. मागं हॉर्न वाजला. ती मुलगी अर्धी बाहेर वाकली आणि केतकीच्या बोटांच्या टोकांवरून नाणी उचलून घेतली. आडवा दांडा वर गेला.

"एक," शिरीषराव म्हणाले.

केतकीनं मांडीखालून हात काढला. लाल झाला होता, बोटांवर सीटच्या शिवणीची नक्षी उठली होती.

हे बघून माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. जावयाला त्याच्याच गाडीत बसून शिकवता येत नाही, पण मुलाला कुठंही शिकवता येतं. मी हळू आवाजात म्हटलं, "केतू, खिडकी आत्ता तुझ्या कुठल्या हाताला आहे?"

"डाव्या."

"खिडकी हलवता येत नाही. मग काय हलवता येईल?"

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. गुडघ्यावर बोटानं चौकोन काढला, त्यात एक माणूस, मग त्या माणसाला फिरवलं. एकदम तिचे डोळे मोठे झाले. माझ्या हाताला चिमटा काढला फक्त.

तुम्हालाही कळलं असेल. नसेल तर उठा आणि खुर्चीवर उलटं तोंड करून गुडघ्यांवर बसा. खिडकी कुठल्या हाताला आली?

दुसरा नाका आला तसा केतकीनं पट्टा सोडला, सीटवर उलटी बसली, आणि उजवा हात असा ऐटीत बाहेर काढला की जणू जन्मभर हेच करत आलीय. आतला कुरळ्या केसांचा तरुण पाठमोरी बसलेली पोर बघून हसला. तिकडं कुणी काही दिलं-घेतलं की 'कॉन मुचो गुस्तो' म्हणतात, म्हणजे 'मोठ्या आनंदानं'. तो तसं म्हणाला आणि दांडा वर गेला.

गाडी हलली नाही.

"पुढं तोंड कर," शिरीषराव म्हणाले.

"पण बाबा, उजव्याच हातानं दिले!"

"हे डोकं तुझं नाही." आरशात ते माझ्याकडं बघत होते. "पैसे परत माग त्याच्याकडून."

"काय?"

"परत माग. आणि पुन्हा दे. पट्टा लावून, पुढं तोंड करून. लबाडीनं दिलेला टोल आपल्यात चालत नाही."

"अहो, मागं गाड्या आहेत," वृंदा म्हणाली.

"असू देत. त्यांनाही कळू दे."

केतकी खिडकीतून त्या तरुणाला स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली. त्याला कळलं नाही. तिला तेच पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं. त्यानं शिरीषरावांकडं बघितलं. त्यांनी गोड हसून मान हलवली. त्यानं खांदे उडवले आणि नाणी परत केली. घाईत एक नाणं केतकीच्या मुठीतून निसटलं, दारावर आपटलं आणि रस्त्यावर गेलं.

वृंदानं दाराच्या कडीला हात घातला.

"वृंदा, बस. जिचं पडलं ती उचलेल."

वृंदानं कडीवरचा हात काढला. बरणीवर ठेवला.

केतकी उतरली. मागं मोठा ट्रक होता, त्याच्या चाकाएवढी ती. डांबर तापलेलं, नाणं त्याला चपटं चिकटून बसलेलं. डावा हात तिनं पाठीमागं नेऊन स्वतःच्या फ्रॉकला मुठीत पकडून ठेवला होता आणि उजव्या हाताच्या नखांनी ती नाणं उचकटत होती. नखं आदल्याच दिवशी कापली होती. बोटं सरकत, नाणं निघेना. ट्रकवाल्यानं हॉर्न दाबूनच धरला. मग त्याला वरून ती दिसली असावी, कारण हॉर्न मधेच बंद झाला. त्या शांततेत तिच्या नखांचा आवाज ऐकू येत होता.

शेवटी उचललं. आत आली, बसली, पट्टा लावला, डाव्या हातावर बसली आणि अंग पिळून दोन्ही नाणी दिली. त्या तरुणानं ती घेतली, पण आता 'मोठ्या आनंदानं' म्हणाला नाही.

"दोन," शिरीषराव म्हणाले. "जमतं की नाही? धाक असला की जमतं. मावशी, आता तुम्ही तिला काही शिकवू नका हं. प्लीज."

पुढं रस्ता सपाट झाला. उकाडा वाढला, खारा वारा येऊ लागला. केतकी उजव्या हाताची मूठ उघडत होती, मिटत होती, उघडत होती, मिटत होती. मांजराला शिकवत होती.

तिसऱ्या नाक्याआधी शिरीषरावांनी तिला एकच मोठं नाणं दिलं. "सुटे नाहीत."

खोलीत एक म्हातारी बाई होती, माझ्याच वयाची. पांढऱ्या केसांत पिवळं फूल. केतकीनं ओठ दाबले, अंग वळवलं, उजवा हात काढला. या वेळी तो खिडकीच्या काठावरून सहज पुढं गेला, आणि नाणं बाईच्या हातात नेमकं पडलं. न सांडता, न थरथरता.

"तीन!" केतकी ओरडली. "बाबा, तीन! झाले!"

"हं," शिरीषराव म्हणाले.

वृंदानं डोळे मिटले. मी केतकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढ्यात म्हातारीला तिच्या मनगटावरची रिबन दिसली, कारण आनंदात तिनं डावा हात मांडीखालून काढला होता. बाई गोड काहीतरी म्हणाली आणि उरलेले पैसे पुढं केले. डाव्या हातानं केले. तिचं सगळं काम त्याच हातानं चाललं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

समोरून डावा हात आला आणि केतकीचा डावा हात उठला. तिनं उठवला नाही. हाक न मारता आला. सुटी नाणी त्यानं अलगद घेतली.

म्हातारीचा चेहरा फुलला. तिनं आपला डावा हात उंच करून दाखवला आणि हसत म्हणाली, "सुर्दा! कोमो यो!"

"मावशीआजी," केतकी माझ्याकडं वळली, तिचा चेहरा अजून उजळलेलाच होता, "त्या म्हणतात डावखुरी! म्हणतात, माझ्यासारखी!"

आणि मग स्वतःच्याच तोंडचे शब्द तिला ऐकू आले.

तिनं हाताकडं बघितलं. नाणी त्यात होती. तिनं ती उजव्या हातात घेतली, फार हळू, जणू हळू घेतली तर कुणाच्या लक्षात येणार नाही.

"शुक्रवार," शिरीषराव म्हणाले.

"अहो, टोल भरून झाला होता," वृंदा म्हणाली. "उरलेले घेतले तिनं. देणं झालं होतं."

"देणं काय, घेणं काय. हात तोच."

"बाबा, पुन्हा करते. पुन्हा भरते. येताना सहाच्या सहा—"

"सहा नाहीत, येताना तीनच." ते हसले. "गणितही कच्चं आहे. तात्या तेही बघतील."

"मी जेवताना पण बांधून घेईन. झोपताना पण."

"ठरलं ते ठरलं, बाळा. शूर आहेस ना तू?"

मी म्हटलं, "शिरीषराव, मी तिला नेणार नाही."

"मग मी नेईन. तिकीट काय, आज काढलं की आज मिळतं." आणि त्यांनी गाडी सोडली.

दांडा वर गेलेला होता. पण पलीकडून फळांच्या पिशव्या विकणारा एक माणूस रांगांमधून पळत आडवा आला. शिरीषरावांनी करकचून ब्रेक दाबला. आम्ही सगळे पुढं फेकले गेलो, पट्ट्यांनी आम्हाला धरलं. बरणीला पट्टा नव्हता. वृंदाच्या मांडीवरून ती सुटली आणि समोरच्या काचेकडं उडाली.

आता नीट बघा, कारण हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत झालं. वृंदा त्यांच्या उजव्या बाजूला. बरणी उजवीकडं. जवळचा हात उजवा, आणि तो मोकळा होता, गिअरच्या दांड्यावर नुसता टेकलेला. कुणीही असता तर तोच हात जाता. शिरीषरावांचा गेला नाही. त्यांचा डावा हात स्टेअरिंग सोडून, छातीवरून आडवा, सगळं अंग पिळवटत गेला आणि बरणी हवेत, गळ्याशी, बरोब्बर धरली. लोणच्याचा थेंबही सांडला नाही.

फळवाला निघून गेला. शिरीषराव तसेच बसले होते, डाव्या हातात बरणी, वाकडी करंगळी काचेपासून वेगळी उभी.

मग त्यांनी घाईनं बरणी उजव्या हातात घेतली. फार घाईनं. केतकीनं नाणी घेतली होती ना, तसंच, फक्त जलद.

"भारी कॅच," केतकी हळूच म्हणाली.

"अहो," वृंदा म्हणाली, "तुम्ही..."

"प्रतिक्षिप्त क्रिया," शिरीषराव म्हणाले. बरणी तिच्या मांडीवर ठेवली. "कुणाचंही होतं."

"कुणाचंही नाही होत," मी म्हटलं.

वृंदा त्यांच्याकडं बघत होती. दहा वर्षं संसार केलेल्या माणसाकडं, जणू तो आत्ताच गाडीत येऊन बसलाय. ते पुढं बघत होते. कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला त्यांनी हात उचलला, थांबले, दुसरा उचलला.

"बाबा," केतकी म्हणाली, "करंगळी तात्यांनी मोडली?"

मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. म्हातारी खोलीतून वाकून बघू लागली.

"बाबा, कशानं मोडली?"

"दारात," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. तेव्हाही नाही. "दारात धरून दार लावायचे."

"रोज?"

"आला तर."

"मग?"

"मग यायचा बंद झाला." त्यांनी आरशात तिच्याकडं बघितलं. "घाबरू नकोस. महिनाभरच दुखतं."

हे ते समजूत घालायला म्हणाले होते. मुलांनो, हे लक्षात ठेवा. त्या माणसाला खरंच वाटत होतं की आपण मुलीला धीर देतो आहोत.

त्या शुक्रवारी विमानात माझ्या शेजारची जागा रिकामी होती, आणि शनिवारी, रविवारीही केतकीसाठी कुणी तिकीट काढलं नाही, एवढं आधीच सांगून टाकते. नाहीतर तुमचा जीव तिकडं अडकेल आणि पुढचं नीट ऐकणार नाही. पुढचं फार थोडं आहे.

केतकीनं आपला पट्टा सोडला. रिबनीचं एक टोक दातांत धरलं, उजव्या हातानं दुसरं ओढलं आणि मनगटावरची गाठ सोडली. रिबनीखाली कातडी पांढरी पडली होती, घड्याळाखाली पडते तशी. शिरीषरावांचा डावा हात खिडकीच्या काठावर टेकलेला होता. सीट आणि दार यांच्या फटीतून तिनं दोन्ही हात पुढं घातले आणि रिबन त्यांच्या मनगटाभोवती फिरवली. त्यांना हात काढून घेता आला असता. काढला नाही. तिनं गाठ मारली, आवळली, वर फूल काढलं. जीभ बाहेर काढून, फार निगुतीनं, दोन्ही टोकं ओढून सारखी केली. मग मान पुढं घालून त्यांच्या गालाला बोट लावलं.

"दुखलं तरी सांगायचं नाही," ती म्हणाली. "शूर आहात ना तुम्ही?"